प्रतिक्रियेला उत्तर : दोन कुलपं लावूनही घर फुटलं, तेव्हा

काका, सप्रेम नमस्कार.

'सुट्टीत गावाला जाताय? घर सांभाळा' हा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मेव्हणे गेल्याचा फोन आला म्हणून तुम्ही रात्रीच साताऱ्याला निघालात. आतल्या दाराला लॅच होतं, बाहेरच्या जाळीच्या दाराला मोठं कुलूप होतं, खाली वॉचमन होता. तिसऱ्या दिवशी परत आलात तेव्हा दोन्ही दारं उचकटलेली, कपाट उघडं आणि काकूंच्या पाटल्या गेलेल्या. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. पोलिसांनी पाटल्यांची पावती मागितली, आणि चाळीस वर्षांपूर्वीची पावती कुठून आणायची, असं तुम्ही विचारलंत. माझ्या लेखात 'बहुतेक घरफोड्या घरमालकाच्या निष्काळजीपणामुळे होतात' असं वाक्य होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "म्हणजे चोर बाजूलाच राहिला, दोषी आम्ही." शिवाय विम्याबद्दल मी दिशाभूल केली आणि कामवाल्या बायका व रस्त्याकडेची पालं यांच्याबद्दल मुद्दाम गप्प बसले, असेही दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. त्याला माझ्याकडे काहीही आधार नव्हता, सगळे म्हणतात म्हणून मीही लिहून गेले. ज्याने दार फोडलं तो दोषी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३३१ नुसार चोरीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवसा फोडलं तर १० वर्षांपर्यंत. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ वेगळं आहे. मालकाने कुलूप कसलं लावलं होतं, हे यातलं कुठलंच कलम विचारत नाही. मीही विचारायला नको होतं. ज्याच्या नात्यात नुकतीच मयत झाली आहे अशा माणसाला तर नाहीच नाही. त्या वाक्याने तुम्हाला लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण लेख मात्र मी मागे घेणार नाही, आणि का ते तुम्हाला सांगायलाच हवं. आमचंही घर फुटलं आहे.

२०१६ चा मे महिना. भाच्याच्या मुंजीला आम्ही सगळे रत्नागिरीला गेलो होतो. पहाटे सहाला समोरच्या आजींचा फोन आला. आमच्या विंगमधले दोन बंद फ्लॅट रात्रीत फोडले होते, त्यातला एक आमचा. आजींना अडीचच्या सुमाराला आवाज आला होता. त्या उठून दाराशी गेल्या, तर दार उघडेना. चोरांनी आधी मजल्यावरच्या इतर सगळ्या दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. म्हातारं माणूस आतून दार हलवत उभं, आणि पलीकडे आठ फुटांवर आमचं दार उचकटलं जातंय. त्या आजही ते सांगताना मधेच थांबतात.

दुपारी आम्ही पोचलो. पंचनामा चालू होता. जिन्यात फरशीवर आमचं कुलूप पडलं होतं, आणि ते बंद होतं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. कुलूप जसंच्या तसं आणि त्यात अडकलेला कोयंडा, त्याला चार स्क्रू लोंबत होते. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे. स्क्रूच्या आट्यांमध्ये दाराचा भुसा भरलेला होता. वर्तमानपत्रात आपण रोज वाचतो ना, 'कडी-कोयंडा उचकटून', ते नेमकं काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. कुलूप सहसा कुणी तोडत नाही. कुलूप ज्याला लावलंय ते उपटून काढतात.

दुसऱ्या दिवशी सुतारकाम करणारे मिस्त्री आले. त्यांनी कोयंडा हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, कुलूप चांगलंच आहे. त्याला धरून कोण ठेवतंय ते बघा." मग त्यांनी मला आतलं दार दाखवलं. दार आणि चौकट यांच्यात बोटभर फट होती. कटावणीचं टोक तिथे शिरलं होतं, लाकडावर त्याचा दाबाचा खड्डा स्पष्ट दिसत होता. लॅचची जीभ ज्या पट्टीत शिरते ती पट्टी दोन बारक्या स्क्रूंवर होती, तीही चौकटीच्या अगदी कडेला. मिस्त्रींच्या अंदाजाने दोन-तीन झटक्यांत काम झालं असेल. बिल्डरने पंचवीस वर्षांपूर्वी बसवून दिलेलं ते दार आम्ही तोवर तीनदा रंगवलं होतं, पण त्याच्या चौकटीकडे कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण माझ्या लेखात हे तीन ओळींत उरकलं होतं आणि ती खरी चूक झाली. जाळीच्या दाराचा कोयंडा काढून त्या जागी आरपार बोल्ट टाकले, नट आतल्या बाजूला. आता बाहेरून कितीही ओढा, नट दार सोडत नाही. आतल्या दाराच्या पट्टीला तीन इंची स्क्रू लावले, म्हणजे ते चौकटीत खोलवर रुततात. बिजागऱ्यांचेही अर्धे स्क्रू असेच बदलले. चौकट एका बाजूला भिंतीपासून किंचित सुटली होती, तिथे नवं होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, टाकून सिमेंट भरलं. फटीवर उभी लोखंडी पट्टी मारली, की कटावणीला शिरायला जागाच राहू नये. साध्या लॅचची तिरकी जीभ पातळ पत्र्यानेही मागे सरकते, म्हणून त्याच्या वर किल्लीने दोनदा फिरणारं, चौकोनी बोल्टचं कुलूप बसवलं. शेवटी दाराची बाहेरची कडी काढूनच टाकली. समोरच्या आजींचीही काढली. घरात माणूस असताना त्या कडीचा उपयोग फक्त बाहेरच्या माणसाला होतो. हे सगळं तेव्हा साडेतीन हजारांत झालं, मजुरी धरून.

तुमचं दार आता दुरुस्त झालं असेल किंवा होत असेल. नवं मोठं कुलूप आणण्याआधी कृपा करून एवढं बघा, की जुनी भोकं बुजवून त्यांतच पुन्हा तेच बारके स्क्रू बसवलेले नाहीत ना. फुटलेल्या चौकटीत ते पहिल्यापेक्षाही सैल बसतात.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलंय. लावा, पण रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही उचलून नेतात. चित्रण मोबाइलवर किंवा बाहेर कुठे साठेल असा घ्या. तपासाला त्याचा उपयोग होतो. घर मात्र दारानेच वाचतं.

"शेजाऱ्यांना सांगायला वेळ कुठे होता?" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. नव्हताच. अशा वेळी माणूस चप्पल कुठली घातली तेही बघत नाही. म्हणून मला वाटतं, ही व्यवस्था आधीच लावलेली असावी, म्हणजे त्या रात्री फक्त एक फोन पुरेसा होईल. आमची समोरच्या आजींशी आता तशी व्यवस्था आहे. आमची एक किल्ली त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे. आम्ही नसलो की त्या सकाळी दारातला पेपर आणि दुधाची पिशवी उचलतात आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना आमच्या हॉलचाही दिवा लावतात. सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर आम्ही कुठे चाललो ते कधीच टाकत नाही. बंद फ्लॅट हेरणारा माणूस याच खुणा बघतो : चार दिवसांचे पेपर, दोन रात्री अंधार, बाहेर लोंबणारं कुलूप. वॉचमनवर याचा भार टाकू नका. रात्रभर एकटा माणूस, तीन विंगा आणि पंपाचं बटणही त्याच्याकडेच.

आता विमा. इथेही तुमचं बरोबर आहे, मी अर्धवट लिहिलं. 'घराचा विमा असेल तर नुकसान भरून मिळतं' या वाक्यावर तुम्ही विश्वास ठेवलात आणि कंपनीने नाही म्हटलं. सगळ्या कंपन्यांकडे १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी मुळात आग, भूकंप, पूर, वादळ अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती फक्त अशा एखाद्या संकटानंतर ७ दिवसांच्या आत, त्या संकटामुळे झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिन्यांसाठी तर त्यांची यादी व किंमत देऊन आणखी वेगळं. पॉलिसी घेताना 'घरफोडी' हा शब्द कागदावर आहे का, ते बोट ठेवून वाचावं. हा खुलासा मी मूळ लेखातही घातला आहे. बँक लॉकरचंही तसंच. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. भाडं ३ हजार असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. तरीही रोज न वापरायच्या दागिन्यांना घरच्या कपाटापेक्षा मी लॉकरच बरं म्हणेन.

तिसरा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही, काका.

आमच्याकडे चोरी झाली तेव्हा सोसायटीतल्या चार जणांनी पहिलं नाव घेतलं ते आमच्या मावशींचं. त्या नऊ वर्षं आमच्याकडे भांडी-फरशी करत होत्या. माझ्या मुलीला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. त्यांना चौकीत बोलावलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सात बसवून ठेवलं. काहीच निघालं नाही, निघणारच नव्हतं. चार महिन्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यात पकडलेल्या टोळीने आमची इमारत दाखवली, तिचा मावशींशी काडीचा संबंध नव्हता. पण मावशी पुन्हा कामाला आल्या नाहीत. मी घरी गेले तर त्यांनी पाणी दिलं, बसायला दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ताई, चाळीतल्या सगळ्यांनी बघितलं." त्या दिवशी सोसायटीच्या त्या चौघांना मी गप्प करायला हवं होतं. मी दागिन्यांची यादी करत बसले होते.

पालांत राहणाऱ्या भटक्या जमातींबद्दलही माझं तेच म्हणणं आहे. अमुक जमातीत जन्मला म्हणजे चोर, असं ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेऱ्या घेतल्या. सोलापुरातल्या अशाच एका वस्तीला अजूनही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आपण आपल्या सोसायटीच्या गेटवर तो पुन्हा लिहू नये. कामाला ठेवताना कुणाचीही ओळखपत्राची प्रत घ्या, भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करा, किल्ली हातोहात फिरू देऊ नका, दागिन्यांची गोष्ट जिन्यात मोठ्याने बोलू नका. हे मी जरूर सांगेन, आणि ते रंगारी, प्लंबर, नातेवाईक, सगळ्यांना सारखंच लागू आहे. संशय घ्यायला मात्र मी कुणाला शिकवणार नाही.

राहिला पावतीचा प्रश्न. तो तुमच्यासाठी आत्ता सगळ्यात महत्त्वाचा आहे. पावती नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा राहू शकत नाही. घरफोडीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. तुमच्या प्रतीत पाटल्यांचं नीट वर्णन आहे का ते बघा. नसेल तर तपास अधिकाऱ्यांकडे पुरवणी जबाब द्या. जोडी, अंदाजे वजन, नक्षी, कुठे चेपलं होतं, कुठे डाग दिला होता, जे आठवेल ते. उद्या मुद्देमाल सापडला तर तो तुमचाच आहे हे याच वर्णनावरून ठरेल. तेव्हा खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते. वस्तूंचं वर्णन, फोटो आणि पंचनामा करून त्या मालकाला लवकर परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कोर्टापुढे मुद्देमाल आल्यावर १४ दिवसांत वर्णन आणि त्यानंतर ३० दिवसांत आदेश अशी मुदत घातली आहे. आमच्या आईची बोरमाळ आम्हाला अशीच अर्ज करून मिळाली. मधले दोन पदर तुटलेले होते, पण मिळाली.

तुम्ही लिहिलंय की काकूंनी पाटल्या कधीच उतरवल्या नाहीत. मग तुमच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम काढा. कन्यादानाच्या फोटोत ओंजळीवर पाणी सोडताना आईचे हात जवळून येतात. तो फोटो मोठा करून घ्या आणि पुरवणी जबाबाला जोडा. जाताना बरोबर कुणी हवं असेल तर मला कळवा, मी येईन.