आज्जीचं तेल आणि अश्वत्थामा

बेळगावात आमच्या घरी डोक्याला तेल लावायच्या आधी आज्जी बोटाने दोन-तीन थेंब जमिनीवर टाकायची. "ते त्येचं," म्हणायची. त्येचं म्हणजे अश्वत्थाम्याचं. कपाळावरची जखम घेऊन तो तेल मागत फिरतो, ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांनीच ऐकलेली असते. आम्हाला ती जास्त जवळची, कारण पांगुळ गल्लीत त्याचं देऊळच आहे. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्याला तेल कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. आज्जी काही बोलली नाही, डोकं चोळत राहिली.

आता मी वेल्समध्ये, कार्डिफला राहते. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीपाशी मराठी-कानडीवरून कर्नाटकच्या एका बस कंडक्टरला मारहाण झाली. मग चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. मग महाराष्ट्रात कर्नाटकच्या गाड्यांना काळं. भाच्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आत्या, बरं झालं. हिशेब चुकता."

कुणाचा हिशेब? काळं फासलेल्या त्या ड्रायव्हरने कुणाचं काय केलं होतं?

त्या रात्री मी महाभारतातलं सौप्तिकपर्व काढून वाचलं, अश्वत्थाम्याच्या सूडाचं. शकुनीचा राग करणं सोपं आहे. अश्वत्थाम्याचं तसं नाही, कारण त्याचं दुःख खरं आहे. 'नरो वा कुंजरो वा' ऐकून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि ध्यानाला बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं धृष्टद्युम्नाने उडवलं. पोराने पेटून उठू नये तर काय करावं? वडाखाली बसलेला असताना त्याला घुबड दिसतं, झोपलेल्या कावळ्यांना टिपणारं. कृपाचार्य विनवतात, आज झोप, सकाळी लढू. तो ऐकत नाही. शस्त्राने तरी मार, म्हणणाऱ्या धृष्टद्युम्नाला तो लाथांनी मारतो. इथवर मी त्याच्याशी भांडेन, पण समजून घेईन. पुढे द्रौपदीची पाच पोरं जातात, आणि शेवटी अस्त्र पडतं ते उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर. बाप मारणारा एकच होता. त्याच्यावरून सूड त्याच्या भाच्यांवर गेला आणि तिथून अजून न जन्मलेल्या पोरावर. मला दुष्टपणा दिसतो तो इथे. जखमेत नाही.

आपली जखमही खरीच आहे. 1956 मध्ये बेळगाव कानडी राज्यात गेलं तेव्हापासून ती वाहतेय, आणि 2004 पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आबांनी आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केली. गेल्या खेपेला त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेले होते. हातात कानडी नोटीस, चष्मा कपाळावर सारलेला, आणि शेजारच्या कॉलेजच्या पोराला ते विचारत होते, "बाळा, एवढं काय लिहिलंय बघ की." पोरगा कानडी घरातला. त्याने ओळ न् ओळ वाचून दाखवली, वर खुर्ची आणून दिली. उद्या हिशेब चुकवायला कुणी निघालं, तर हाताला तोच पोरगा लागणार.

कार्डिफच्या रस्त्यावर 'ARAF' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. वेल्श भाषेत, हळू चला. हे फुकट मिळालेलं नाही. वेल्श भाषेसाठी 1962 मध्ये संघटना निघाली, पोरांनी नुसत्या इंग्रजी पाट्यांना हिरवा रंग फासला, तुरुंगात गेली. 1979 पासून दुसऱ्या काहींनी इंग्रजांची सुट्टीतली रिकामी घरं रात्रीची पेटवली. ती घुबडाची वाट. पाट्यावाल्यांची तऱ्हा मला वेगळी वाटते. त्यांनी रंग पाटीला लावला, माणसाच्या तोंडाला नाही, आणि आपलं नाव सांगून कोर्टात उभे राहिले. 2011 मध्ये वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला.

भाचा म्हणतो, तिथलं सरकार ऐकतं, आपलं ऐकत नाही. बरोबर आहे त्याचं. शिवाय इथे दोन राज्यांची ओढाताण नाही. कार्डिफची फूटपट्टी बेळगावला लावायची नाही, हे मलाही कळतं. पण भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील, तिथे महत्त्वाचे नियम-सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हे आपल्याकडेही कधीचं ठरलेलं आहे. ते मागत राहायला नको? मागताना शेजारचा तो पोरगा बरोबर आला, तर का नको?

आबांची नोटीस फोटो काढून पाठव, असं भाच्याला सांगितलंय. मराठी प्रतीसाठीचा अर्ज मी लिहून देते. कचेरीत नेऊन द्यायचा त्याने, आणि पोच घ्यायची.