भाची सांभाळताय? आधी तिचा बाप नसल्याचा पुरावा आणा

गेल्या गुरुवारी भाचीच्या अर्जासाठी सरकारी कार्यालयात माझी पाचवी खेप झाली. एवढ्या खेपांत जे ज्ञान मिळालं ते एकट्यानं दाबून ठेवणं पाप आहे, म्हणून सोलापुरातल्या तमाम मामा, मावश्या, काका आणि आज्ज्यांसाठी हे चार शब्द. घरात बहीण-भावाचं पोरकं लेकरू आलं असेल आणि ‘सरकार त्याचे पैसे देतंय की’ असं कुणी सांगितलं असेल, तर नीट वाचा.

सगळ्यात आधी, स्वतःला पालक समजणं सोडा. तुम्ही डबा भरता, वेण्या घालता, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवता, ते ठीक. कागदावर तुम्ही ‘सोबत आलेले’.

योजनेचं नाव बरोबर घेऊ नका. राज्याची आहे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिना २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ‘प्रायोजकत्व’ आहे, म्हणजे लेकरू घरातच ठेवून त्याच्या खर्चाला मदत, महिना ४,०००. त्यातच ‘फॉस्टर केअर’ही आहे, पण ते नात्यात नसलेल्या कुटुंबासाठी. रक्ताचे असाल तर प्रायोजकत्व. हे सगळं पाठ करून मी खिडकीवर म्हणून दाखवलं. समोरच्यानं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “एजंट हाय का तुम्ही?”

गरीब राहा, पण मापात. प्रायोजकत्वासाठी शहरात वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या आत लागतं, खेड्यात ७२,००० च्या. म्हणजे शहरात महिन्याला आठ हजार. टॉवेलच्या कारखान्यात मालक पगार वाढवायला निघाला तर पाय धरा त्याचे. म्हणा, मालक, नको, भाचीचा अर्ज आहे.

झेरॉक्स प्रत्येकी पाच काढा. सहावी लागतेच.

आता बापाकडे येऊ. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याचा दाखला मिळतो. अक्का गेली, तिचा मिळाला. दाजी मेले नाहीत, नुसतेच गेले. अक्का आजारी असताना एका सकाळी ‘पुण्यात काम बघतो’ म्हणून बॅग घेऊन एसटी स्टँडवर गेले, ते आजतागायत काम बघतायत. म्हणून माझा सल्ला, तुमच्या घरातला जावई पळून जायच्या बेतात असेल तर त्याला सही-शिक्क्यानिशी पळायला सांगा. पहिल्या खेपेला मला म्हणाले, पोलिसांत बेपत्ता असल्याची नोंद आणा. पोलीस म्हणाले, बेपत्ता कसला, गड्ड्याच्या यात्रेत फोन आला होता म्हणता ना? (आला होता. पिऊन केला होता.) दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी ५०० च्या स्टॅम्पवरच पाहिजे म्हणाले. दिलं. तिसऱ्या खेपेला काय मागावं? बापाचं ना-हरकत पत्र! जो माणूस सापडत नाही, त्यानं येऊन लिहून द्यायचं की मी सापडत नाही याला माझी हरकत नाही. चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला. अहो, ज्यांच्या पालकांचा ठावठिकाणा लागत नाही, त्या मुलांसाठीच तर ही योजना काढलीय! ठावठिकाणा लागला असता तर मी तुमच्या दारात उन्हाचा कशाला उभा राहिलो असतो? दाजींच्या दारात उभा राहिलो असतो, आणि नुसता उभा राहिलो नसतो.

बँकेत खातं काढायला जाताना भाकरी बांधून न्या.

पाचव्या खेपेला ‘मुलीला घेऊन या’ म्हणाले. बालकल्याण समिती मुलाला समोर बघते, ते रास्तच आहे, त्याला माझी तक्रार नाही. पण समिती राहिली बाजूला. खिडकीवरच, मागं पंधरा माणसं रांगेत असताना, त्यानं मोठ्यांदा विचारलं, “काय गं, बाप कुठंय तुझा?” पोरगी नऊ वर्षांची. ती चपलेचा अंगठा बघत राहिली. मग वाकून तो नीट घातला, जो आधीच नीट होता.

आता सल्ले पुरे झाले, साहेब. राज्याच्या योजनेचे २,२५० म्हणजे दिवसाला ७५ रुपये. तेवढ्यासाठी मी पाच खाडे केले, आणि तुम्ही माझ्याकडे चोर असल्यासारखं बघता. तिला बालगृहात सोडून आलो असतो तर तिचं खाणं-पिणं सरकारनंच बघितलं असतं ना? मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ च्या बाल न्याय कायद्यात लिहिलंय. मग जो घरात ठेवतो त्यालाच का पळवता? कागद मागा, हक्क आहे तुमचा. पण यादी एकदाच, लिहून, भिंतीवर लावून मागा. दर खेपेला टेबलाखालून नवीन कागद काढू नका. आणि लेकराला काही विचारायचं असेल तर आत खुर्चीवर बसवून, हळू आवाजात विचारा. तुमच्या पोरीला असं कुणी रांगेत विचारलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला?

सोमवारी सहावी खेप आहे. एकटाच येतोय. तिची शाळा आहे.