हसून सोडून द्या, राजेहो

तुम्हाला हल्ली मधूनच बोलावंसं वाटतं, असं कानावर आलं. पानठेल्यावर कोणी गावातल्या एखाद्या पोराच्या चालण्याची नक्कल करतो, सगळे खिदळतात, आणि तुमचं हसू ओठापर्यंत येऊन अडतं. ग्रामसभेत सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले दिसले की तुम्ही उगाच मान खाली घालता. लक्षण बरं नाही. वेळीच आवरलं नाही तर एखाद्या दिवशी खरोखरच बोलून बसाल. गावात राहायचं म्हणजे पेरणीला कोणाचा तरी ट्रॅक्टर लागतो, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला कोणाची तरी गाडी लागते, आणि तो ट्रॅक्टरवाला, तो गाडीवाला तिथेच ठेल्यावर उभा असतो. नक्कल बहुतेक वेळा तोच करत असतो.

तेव्हा पहिला उपाय खर्रा. हा खास आपल्या विदर्भाचा. पुण्या-मुंबईच्या लोकांकडे तो नाही म्हणूनच ते इतकं बोलतात. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटायला लागला की आपण वाट पाहायची, पुडी गालात सरकवायची, की अर्धा तास काळजी मिटली. तोंडातली पिचकारी सांभाळत माणसाला कोणाची बाजू घेता येत नाही. तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टींवर बंदी आहे ना? आहे तर. राज्यात गुटख्यावर 2012 सालीच बंदी आली; ठेल्यावर ती बातमी अजून पोचायची आहे. कायदा तिकडे होतो आणि गाव इकडे राहतं, हे ज्याला ठेल्यावर उभं राहून समजलं त्याला पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

खर्रा चालत नसेल तर हसायला शिका. बायकांच्या गाडी चालवण्यावरचा, त्यांच्या माहेरच्या फोनवरचा विनोद आला तर नुसतं ‘हॅ हॅ’ पुरतं. उद्या कोणी विचारलंच तर ‘मी कुठं हसलो’ म्हणायला जागा राहते. विनोद ‘बायल्या’चा असेल तर मात्र जरा जास्त हसावं लागतं. तिथे लोक विनोद सांगणाऱ्याकडे पाहत नसतात, न हसणाऱ्याला शोधत असतात. आणि तो सापडला की प्रश्न येतो, “काहून बे, तू बी त्यातलाच का?”

हा प्रश्न म्हणजे धुऱ्यावरच्या तारेला लावलेलं झटका मशीन. रानडुकराला ते मारत नाही, नुसतं दचकवतं. एकदा दचकलेलं जनावर पुढे बॅटरी उतरली तरी तारेजवळ फिरकत नाही. गावातली कितीतरी समजदार माणसं अशीच वर्षानुवर्षं बंद तारेच्या अलीकडे उभी आहेत, आणि तिलाच ते गावाची एकी म्हणतात. तुम्हीही तिथेच बरे.

तारेला हात लावून पाहणाऱ्यांचं एक वाईट उदाहरण सांगतो, म्हणजे सावध व्हाल. चक्कीवर दळण टाकायला आलेली मंडळी एका पोराबद्दल बोलत होती. बोलणं रंगात आलं असताना एका म्हातारीनं पिठाचा डबा डोक्यावर घेता घेता विचारलं, “हाव, असन तो तसा. तुह्या घरचं काई खाते का?” झालं. सगळ्यांना एकदम आपापलं दळण आठवलं. तिला ‘तू बी त्यातलीच का’ असं विचारायचंही कोणाला सुचेना. म्हाताऱ्या बायांना गावानं आधीच सगळ्या हिशोबातून वजा केलेलं असतं, त्याचा त्या असा गैरफायदा घेतात.

ग्रामसभेत तर जास्तच जपावं लागतं. 2011 पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असंही कायद्यात आहे. तुम्ही ती पाहिली असेल तर रजिस्टरात. रजिस्टर घरोघरी फिरलं, चुलीपुढे सही झाली, की सभा झाली. मुख्य सभेत ज्यांना आपण ‘सरपंचसाहेब’ म्हणतो ते निवडून आलेले नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तरी हाक त्यांनाच मारा. एखादी आशाताई उठून “सरपंचबाईले बोलू द्या न जी” म्हणालीच, तर तुम्ही मोबाइल चाळा. मग सभा सुटल्यावर, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, तिला गाठा आणि हळूच सांगा, “ताई, तुमचं बराबर होतं.” असा खासगी पाठिंबा द्यायला काहीच हरकत नाही. त्याचा कोणाला काही उपयोग होत नाही.

सातबाऱ्याचा विषय निघाला तर पाणी प्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला, देशानं 2005 मध्ये. पण तुमच्या बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली ती प्रेमानं. तिला रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेताना गाडीत पेट्रोलसुद्धा तुम्हीच टाकलं होतं, आणि राखीची साडी काही अजून चुकलेली नाही. कोणी शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीची आठवण काढेल. शेतकरी संघटनेच्या त्या आंदोलनात राज्यातल्या हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती, म्हणेल. तुम्ही म्हणा, “तो जमाना येगळा होता.” हे वाक्य जपून ठेवा. जुनं काही चांगलं निघालं की हेच, आणि नवं काही चांगलं निघालं की ‘आजकालचा जमाना’.

रोजीचं तर बोलूच नका. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 मध्येच आला, आणि निंदायला वाकलेल्या बाईची रोजी अजूनही बांधावर उभ्या माणसापेक्षा कमी आहे. फक्त कापूसवेचणीत किलोवर पैसे मिळतात, तिथे बाई-माणूस असा भेद नाही. म्हणूनच बहुधा तिथे माणूस फारसा दिसत नाही.

आता आपली संस्कृती. हे हत्यार चांगलं आहे, पण वरवर चालवा. खोल गेलात की आपल्याच भागातला इतिहास आडवा येतो. बाईच्या विटाळाबद्दल तावातावानं बोलाल आणि कोणी महानुभावांचं नाव काढेल. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू ज्या रिद्धपूरचे, ते आपल्याच अमरावती जिल्ह्यात. स्वामींनी तेराव्या शतकात बायकांना शिष्य केलं, आणि पाळी म्हणजे नाकाला शेंबूड यावा तसा शरीराचा एक स्राव, त्याचा विटाळ कसला, असं सांगितलं. त्यांच्या पंथातल्या महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात. आणि तुमच्या घरी सून अजून चार दिवस पडवीत बसते. तेव्हा विषय बदला.

समलिंगी लोकांबद्दल बोलायचं तर “हे विदेशी थेर आहे” एवढं म्हणून थांबा. पुढे गेलात तर पंचाईत, कारण विदेशी होतं ते कलम. 1860 च्या दंडसंहितेत 377 घातलं इंग्रजांनी. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध हा गुन्हा नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी तर लिहून ठेवलं, की इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. मागेल मग इतिहास. तुमचं नाव काही इतिहास नाही. तुम्ही ऑक्टोबर 2023 चा निकाल तेवढा पाठ ठेवा. समलिंगी लग्नाला मान्यता द्यायची की नाही हे कायदेमंडळानं ठरवावं, असं कोर्ट तेव्हा म्हणालं. ठेल्यावर सांगताना “कोर्टानंच नाई म्हटलं” इतकं पुरे. पेशीची तारीख सोडली तर कोर्टाचं काहीच आपल्याला नीट आठवत नसतं, त्यामुळे कोणी अडवणार नाही.

खडी गंमत, म्हणजे आपल्याकडचा तमाशा, हा विषयही टाळा. शाहिराच्या पुढे लुगडं नेसून ठुमकणारा नाच्या पुरुष असतो, आणि त्याच्यावर नोटा ओवाळणारे हात आपलेच असतात. नाच्या काही समलिंगी असतोच असं नाही, तो भाग वेगळा. पण रात्री दिव्याखाली ज्या चालीला वाहवा मिळाली, तीच चाल सकाळी एसटीच्या थांब्यावर एखाद्या शाळकरी पोराची दिसली तर त्याच्या नशिबात दगड येतो. “पोरीवानी रडू नको,” गुरुजी त्यालाच म्हणतात, आणि मागच्या बाकावरच्या पोरींनी ते ऐकून घ्यायचं असतं. एका दगडात दोन पाखरं, आणि गुरुजींच्या हाताला माती नाही.

सगळ्यात कस लागतो तो ओळखीतल्याच घरी असा मुलगा निघाला की. बापानं तुम्हाला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि सांगितलं की पोट्टं लगनाले नाही म्हणते. का म्हणते, तेही चाचरत सांगितलं. इथे तुम्ही भलतंच बोलून बसाल अशी भीती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढलं, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं. ते ‘बरं’ करून देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये ठरवलं, हेही असेल. कृपा करून सांगू नका. बाप आधीच एका बाबाकडे जाऊन आलेला असतो, कोंबडं देऊन झालेलं असतं. तुम्ही म्हणायचं, “लगन करून द्या, भाऊ. वर्षाभरात लायनीवर येते.”

हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही बियाण्यापेक्षा जास्त हमीनं विकलं जातं, आणि उगवलं नाही तर भरपाईही मागता येत नाही. लगेच मुलगी शोधायला घ्या. दूरच्या तालुक्यातली पाहा, बापाकडे दोन-तीन एकर असलेली, दोन बहिणी मागे असलेली, म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेली. चहा-पोह्यांच्या वेळी तिला स्वयंपाक येतो का, शिलाई येते का, सगळं विचारा. मुलाला काय येतं आणि काय येत नाही, हे तिला विचारू देऊ नका. पंगतीत आलू-वांग्याची भाजी दोनदा मागून घ्या; मध्यस्थाचा तेवढा मान असतो.

वर्ष उलटतं. पाळणा हलत नाही. पोरगा रात्री वावरात जागलीला जातो तो सोयाबीन निघाल्यावरही जातच राहतो. अशा वेळी गाव तुमच्याकडेच येईल, कारण हमी तुमची होती. घाबरू नका. खाली आवाजात म्हणा, “पोरीतच काईतरी असन.” ती माहेरी परत आली तर “नांदता नाई आलं तिले” हे तिथलं गाव आपणहून म्हणतं, तुम्हाला इथून फोनसुद्धा करावा लागत नाही. एक पोरगा आयुष्यभर खोटं बोलत राहिला, एका पोरीवर नसलेल्या दोषाचा शिक्का बसला, आणि तुम्ही दोघांच्याही घरचं जेवलात. इतकं नेटकं काम आपल्या पंचायतीच्या नालीचंही झालेलं नाही.

पोरींपैकी कोणी तशी असेल का, हा प्रश्न तुम्हाला पडायचं कारण नाही. गावात दोन मैत्रिणी हातात हात घालून पाण्याला जातात तेव्हा कोणी वाकड्या नजरेनं पाहत नाही. हा आपला मोठेपणा नाही. पोरीला स्वतःची म्हणून काही मर्जी असते, हेच मुळात कोणाच्या डोक्यात येत नाही. बारावीचा निकाल लागायच्या आत एकीची सुपारी फुटते. दुसरी लग्नात मांडवाच्या खांबाला धरून रडते, आणि बाया म्हणतात, केवढा जीव होता दोघींचा.

8 मार्चला मात्र पुढे व्हा. सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट ‘नारीशक्तीला वंदन’ टाका. पंचायतीच्या आवारातल्या हळदीकुंकवाला भाषण करा. ग्रामगीतेत महिलोन्नतीचा अख्खा अध्याय आहे, त्याचा उल्लेख शोभून दिसतो. समोर पहिल्या रांगेत सवाशिणी बसतील. नवऱ्यानं कर्जापायी औषध घेतल्यावर एकटीनं वावर सांभाळणाऱ्या बाया मागे भिंतीला टेकून उभ्या असतील. तिकडे फार वेळ पाहू नका, भाषण अडखळतं.

हे सगळं नीट पाळलंत तरी एक धोका उरतोच. तुम्ही कधी मोठ्यानं हसला नाहीत, कधी दगड मारला नाहीत, म्हणून कोणाला तरी वाटतं की हा माणूस बरा दिसतो. मग एखाद्या संध्याकाळी तो पोरगा तुमच्या दारात येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि म्हणतो, “काकाजी, तुमाले एक सांगाचं होतं.” लगेच सोयाबीनचा भाव विचारा. मग पावसाचं विचारा. तरी तो उठला नाही, तर आतून हाक आली असं म्हणून तुम्हीच उठा. आत खरोखर कोणी हाक मारली का, हे तो तपासणार नाही. आणि वहिनी काही सांगणार नाहीत. पाहुण्यांसमोर बाईनं बोलायचं नसतं, हे तुम्हीच त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.