जिम जॉइस यांची कारकीर्द त्या रात्री संपली नाही

बेसबॉल अंपायर जिम जॉइस यांनी एका पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) परफेक्ट गेम, म्हणजे एकालाही बेसवर पोहोचू न देता ओळीने 27 बॅटर बाद करण्याचा पराक्रम, घालवला, चूक कळूनही हट्टाने निर्णय बदलला नाही आणि तिथेच त्यांची कारकीर्द संपली, ही गोष्ट फॉरवर्ड होत असते. निर्णय चुकला, एवढेच त्यात खरे आहे.

2 जून 2010, डेट्रॉइट. डेट्रॉइट टायगर्स संघाचा पिचर आर्मांदो गॅलारागाने क्लीव्हलँडचे 26 बॅटर ओळीने बाद केले होते. आणखी एक बाद झाला की परफेक्ट गेम. अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, मेजर लीगच्या, इतिहासात तोवर असे 20च झाले होते. 27वा बॅटर जेसन डोनाल्ड पहिल्या बेसवर पोहोचायच्या आधीच चेंडू तिथे गॅलारागाच्या हातात होता, म्हणजे डोनाल्ड बाद होता. पहिल्या बेसवरचे अंपायर जॉइस यांनी सेफ, म्हणजे नाबाद, दिले.

आता हट्टाचे. तेव्हा रिप्ले फक्त होमरनच्या (क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्याच्या) निर्णयांसाठी होता. क्रिकेटच्या डीआरएससारखे चॅलेंज 2014मध्ये आले. जॉइस यांनी व्हिडिओ पाहिला तो सामना संपल्यावर. पाहताच त्यांनी गॅलारागाला भेटून रडत माफी मागितली, आणि त्या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला, असे पत्रकारांना स्वतःहून सांगितले. नंतर निर्णय फिरवणे त्यांच्या हातात नव्हतेच. ते लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग करू शकले असते, त्यांनी केले नाही.

अंपायरांच्या जागा रोज फिरतात. आज पहिल्या बेसवर उभा असलेला उद्या होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, सगळ्यांच्या नजरेसमोर. लीगने सुट्टी देऊ केली होती, जॉइस यांनी ती नाकारली. दुसऱ्या दिवशी टायगर्सची लाइनअप (खेळाडूंची यादी) त्यांच्याकडे घेऊन आला खुद्द गॅलारागा. जॉइस यांनी डोळे पुसले आणि सामना सुरू केला. हा प्रसंग मला त्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि फॉरवर्डमधून नेमका तोच गळतो.

राहिली कारकीर्द. 1978पासून मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये खपून ते वर आले होते. चुकीनंतर काही दिवसांतच ईएसपीएनने खेळाडूंना सर्वोत्तम अंपायर कोण असे विचारले, तेव्हा सर्वाधिक पसंती त्यांनाच मिळाली. 2013मध्ये ते वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेला, उभे होते. तिसऱ्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी तिसऱ्या बेसपाशी त्यांनी अडथळ्याचा, म्हणजे धावणाऱ्याची वाट अडवल्याचा, निर्णय दिला, सेंट लुईसने त्यावर तो सामना जिंकला, आणि नियमाप्रमाणे तो निर्णय अचूक होता. निवृत्त झाले ते 2016च्या मोसमानंतर.