हवा वरून घेतली म्हणून वेप निर्धोक होत नाही

सोलापुरातल्या मित्रमंडळींच्या ग्रुपांवर सध्या वेपबद्दल एक मेसेज फिरतोय. वेप म्हणजे ई-सिगारेट: टाकीतलं लिक्विड कापूस शोषतो, बॅटरीवर तापणारी तार, म्हणजे कॉइल, त्याचा ढग करते आणि तो ओढायचा. मजकूर लांबलचक आहे, पण त्यातले दावे एवढेच: जिची कॉइल स्वतः बांधायची अशी, वरून हवा घेणारी वेप टाकी आली आहे, ती अजिबात गळत नाही, कॉइल आणि कापूस आपल्या हातचे, त्यामुळे आत काय तापतं ते आपल्याला ठाऊक, बाहेर पडते ती नुसती पाण्याची वाफ, लंडनमध्ये डॉक्टर हेच लिहून देतात, आणि भारतात बंदी विकणाऱ्याला आहे, ओढणाऱ्याला नाही. शेवटी विनंती, की विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे पाठवा.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी उघडणं, तार भरणं, ओहम, म्हणजे तारेचा विरोध, तपासणं हे रोजचं काम. मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथे ही वस्तू दुकानात कायदेशीर मिळते, आणि त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा अशीच टाकी मी बांधून, बिननिकोटीनचं लिक्विड भरून वापरून पाहिली. परवा एका जुन्या मित्राने तो मेसेज मलाच पाठवला, खाली लिहिलं होतं, 'काय बे, खरं हाय का हे?' त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

आधी गळतीचं, कारण मेसेजमधला त्यातल्या त्यात खरा भाग तोच. पुष्कळ टाक्यांत हवेची भोकं बुडाशी असतात. कॉइलच्या खोलीत लिक्विड जादा झालं की ते त्या भोकांतून खाली येतं, बॅटरीचा डबा चिकट होतो, खिसा खराब होतो. या टाकीत भोकं वर असतात. हवा मधल्या नळीच्या बाहेरून खाली उतरते, कॉइलला लागते आणि त्या नळीतून तोंडाकडे येते. टाकी उभी असली की खाली गळायला वाटच राहत नाही. काम सफाईदार आहे, आट्यांची घडण पाहून मला मनापासून बरं वाटलं. हवेला वळसा पडतो म्हणून चव जरा मंद लागते, पण ती तक्रार किरकोळ.

पण 'अजिबात गळत नाही' हे खरं नाही. टाकीत लिक्विड थांबून राहतं ते त्याच्या वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेचा दाब किंचित कमी असतो म्हणून. टाकी तापली की ती हवा फुगते आणि लिक्विडला कापसातून आत ढकलते. उष्णतेने लिक्विड पातळ होतं ते वेगळंच. लेस्टरच्या गारठ्यात नीट राहिलेली टाकी सोलापुरात मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना, स्कूटरच्या डिकीत तासभर ठेवली तर लिक्विड कॉइलच्या खोलीत साचणारच. मग ओढताना गुडगुड आवाज येतो आणि गरम थेंब जिभेवर उडतात. टाकी आडवी पडली तर वरच्या भोकांतूनही ओघळ येतो. आणि समजा, एक थेंबही गळला नाही, तरी खिसा कोरडा राहिल्याने छातीत काय जातं त्यात काडीचाही फरक पडत नाही. मेसेज नेमका इथेच गळतीवरून आरोग्यावर उडी मारतो.

आता कॉइल. '२६ गेजची कान्थल तार, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे' ही तिथली नेहमीची बांधणी; ती पाऊण ओहमच्या आसपास भरते. दोन्ही टोकं स्क्रूखाली दाबायची, थोडा थोडा करंट देऊन तार लाल करायची. ती मधून कडेकडे सारखी लाल झाली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर तिथे गरम ठिपका आहे, वेढे चिमट्याने सारखे करावे लागतात. मग कापूस ओवायचा. तो घट्ट झाला तर लिक्विड पुरत नाही आणि कोरडा कापूस जळतो. सैल झाला तर खोली तुंबते. मधली जागा हाताला सापडायला वेळ लागतो.

'काय तापतं ते आपल्याला ठाऊक' हा दावा इथे ढासळतो. कान्थल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. नायक्रोम वापरली तर निकेल आलं. अशा उपकरणांच्या वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं सापडल्याचं अभ्यासांत नोंदलेलं आहे, आणि तार स्वतः गुंडाळल्याने धातू बदलत नाही. मावसभावाने त्याची जुनी कॉइल माझ्यासमोर उघडली तेव्हा कापूस मधोमध तपकिरी झाला होता आणि वेढ्यांवर काळी खरपुडी धरली होती. गोड चवीचं लिक्विड वापरलं की ती लवकर धरते. पुढचा प्रत्येक झुरका त्या खरपुडीवरूनच येतो. ते रासायनिकदृष्ट्या काय असतं हे घरी बसून कुणालाही ठाऊक होत नाही.

यातच बॅटरीचा धोका आहे आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही, याचा मला खरा राग आहे. पाऊण ओहमला ३.७ व्होल्टवर पाच अँपिअरच्या आत काम होतं. पण पोरं दाट धूर काढायला जाड तार घालून ओहम खाली आणतात, म्हणजे करंट वाढतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, ०.१५ ओहमला तो २८ अँपिअर सोडणार, आणि वेपमध्ये घालतात ते बरेच १८६५० मापाचे लांबट गोल सेल सलग २० अँपिअरच्या पुढे चालवण्यासाठी बनवलेलेच नसतात. डब्यात संरक्षण सर्किट नसेल तर थांबवणारं कुणी नाही. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल तर यासाठी मुळीच नाही. असा सेल फुटतो तेव्हा तो हातात तरी असतो, नाहीतर तोंडाजवळ.

पाण्याच्या वाफेचा दावा सरळ चुकीचा आहे. लिक्विडचा बहुतेक भाग प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा. त्यात निकोटीन आणि स्वाद. ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास. दिसतो तो ढग या पदार्थांच्या बारीक थेंबांचा असतो. कॉइल जास्त तापली, कापूस कोरडा पडला, की त्याच पदार्थांपासून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात. स्वाद खाण्यायोग्य आहेत म्हणून ओढण्यायोग्य ठरत नाहीत. लोण्याच्या चवीचं डायअसिटिल पॉपकॉर्नवर घालून लोक वर्षानुवर्षं खात होते. पण अमेरिकेत मिझुरीतल्या कारखान्यात त्याची वाफ रोज छातीत गेलेल्या कामगारांना श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा आजार झाल्याचं २००० साली उघड झालं. गिरण्यांच्या या गावाला हे वेगळं सांगायला नको. कापूस अंगावर निरुपद्रवी असतो, त्याची धूळ छातीत गेली की दम लागतो.

इंग्लंडचं म्हणणं मेसेजने अर्धं उचललं आहे. तिथलं आरोग्य खातं धूम्रपान करणाऱ्या प्रौढांना वेपकडे वळायला सांगतं, हे खरं. सिगारेटपेक्षा त्याचा अपाय बराच कमी असल्याचं तिथे २०१५ पासून अधिकृतपणे सांगितलं जातं, आणि निकोटीनच्या वेपने सिगारेट सुटायला मदत होते याला चांगला पुरावा आहे. ते मी नाकारत नाही. पण तेच खातं पुढे म्हणतं, की हे निरुपद्रवी नाही आणि न ओढणाऱ्यांनी सुरू करू नये. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत वेपचं किट द्यायचं ठरलं तेही समुपदेशनासोबत. शिवाय तिथे निकोटीनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची, निकोटीनच्या बाटलीला १० मिलिलिटरची आणि टाकीला २ मिलिलिटरची मर्यादा आहे. आपल्याकडे चोरून येणाऱ्या बाटलीवरचा आकडा कोण तपासणार? ती बाटली लहान मुलाच्या हाती लागली तर निकोटीन विष आहे, एवढं तरी लक्षात ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. ई-सिगारेट बंदीचा कायदा २०१९ चा. ओढण्यासाठी म्हणून त्यात वेगळी शिक्षा नाही, इतपत मेसेज बरोबर. पण उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात या सगळ्याला बंदी आहे आणि उत्पादनात सुटे भाग जोडणंही येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. परदेशातून मागवलेली टाकी ही आयातच आहे. मित्रांसाठी चार मागवून वाटल्या तर ते वितरण झालं.

'विडी सोडणाऱ्यांना पाठवा' हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. आपलं गाव विडीचं. कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायांचं घर विड्या वळण्यावर चाललंय. विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला ओहम मीटर, सेल, कापूस हे जमणार नाही आणि परवडणारही नाही. शिवाय महाराष्ट्रात तंबाखूचं व्यसन बहुतेकांना तोंडातून आहे, मावा, तंबाखू-चुना. त्यांचा वेपशी संबंधच नाही. हा मेसेज पोचतो तो कॉलेजातल्या पोरांपर्यंत, ज्यांनी अजून एकही विडी ओढलेली नाही.

मित्राला मी दुसरा रस्ता सांगितला. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा फुकट नंबर आहे, तिथे समुपदेशक बोलतात. २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतं. ते च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. हळू चावायचं, तोंडात झिणझिण्या आल्या की गालाच्या कडेला धरून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की परत चावायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही आणि माणूस म्हणतो गमचा काही उपयोग झाला नाही.