आयपीए गोऱ्या शिपायांची बिअर नव्हती

पुण्या-मुंबईत क्राफ्ट बिअरचा विषय निघाला की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच: विलायतेहून हिंदुस्थानात येईपर्यंत बिअर नासायची, गोऱ्या शिपायांचे हाल व्हायचे, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी आणि ती टिकवणारी फुलं) आणि जास्त अल्कोहोल घालून ‘इंडिया पेल एल’ म्हणजेच आयपीए ही फिकट रंगाची बिअर शोधून काढली. यातलं फारसं काही खरं नाही.

बिअर नासायची म्हणे. मग पोर्टर नावाची काळपट बिअर त्याच जहाजांतून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिन्यांनी इथे पोचून खपत कशी होती?

शोधाचंही तेच. उष्ण मुलखात जाणाऱ्या बिअरला हॉप्स वाढवा, हे इंग्लंडातल्या ब्रूअरना १७६० च्या दशकातच सांगितलं जात होतं. हॉजसनची खरी करामत धंद्यातली. त्याची ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, लंडनच्या बो भागात, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत त्या ब्लॅकवॉलच्या जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना बारा ते अठरा महिन्यांच्या उधारीवर पिंपं द्यायचा. कप्तानांनी कलकत्ता, मद्रास, मुंबईत माल विकायचा आणि परत आल्यावर हिशेब चुकता करायचा. इतकी सवलत मिळाल्यावर कप्तान दुसरीकडे कशाला जातील?

मला सर्वांत खटकतं ते शिपायांचं नाव वापरणं. पेल एल जायची साहेबांच्या टेबलावर: मुलकी अधिकारी, लष्करी अफसर, व्यापारी. बराकीतल्या साध्या शिपायाच्या वाट्याला रोजच्या रेशनमधली रम किंवा अरक यायची, आणि त्या दारूने कित्येकांच्या तब्येतीची वाट लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला बिअर मिळू लागली तीही मुख्यतः पोर्टर. फौजेसाठी पोर्टरची टेंडरं निघत आणि ती सुमारे २४५ लिटरच्या हॉग्जहेड पिंपांतून येई. त्या माणसांनी खरोखर काय प्यायलं, हे या गोष्टीने साफ पुसून टाकलंय.

‘जास्त कडक’ हेही चूक. तेव्हाच्या इंग्रजी बिअरांत पेल एल मध्यम ताकदीचीच होती.

आणि नाव? हॉजसनची ब्रूअरी १७५२ पासूनची. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द छापील जाहिरातीत दिसतात ते थेट १८२९ साली, आणि तेही सिडनीच्या वर्तमानपत्रात.