दारू सोडलेल्या माणसाला परत प्यायला कसं बसवावं

तुमच्या ओळखीत असा एक माणूस असतोच. आधी भरपूर प्यायचा, सगळ्यांनी नावं ठेवली, तुम्हीही ठेवलीत, मग बिचाऱ्याने सोडली. आता गेट-टुगेदरला येतो, कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन कोपऱ्यात बसतो, हसतो, बोलतो आणि सगळ्यांच्या आधी घरी जातो. आता याला काय म्हणायचं! प्यायचा तेव्हा प्यायचा म्हणून त्रास, आता पीत नाही म्हणून त्रास. आपला चौथा पेग भरून होतोय आणि हा समोर टक्क शुद्धीत, उद्या आपण काय काय बडबडलो ते याला सगळं आठवणार आणि आपल्याला काहीच नाही, कारण मेंदूतला हिपोकॅम्पस, जो नव्या आठवणी नोंदवून ठेवतो, त्याने तोवर दुकान बंद केलेलं असतं. असा साक्षीदार कुणाला हवाय?

म्हणून या काही टिपा. माझ्या नाहीत हां, मी गेल्या शनिवारी एका घरगुती कार्यक्रमात अनुभवी मंडळींकडून लाइव्ह शिकले. प्रात्यक्षिकाला माझा धाकटा भाऊ होता, अकरा महिने थेंबही न घेतलेला.

पहिली टिप. सुरुवात कायम "एकाने काय होतंय?" ने करावी. आवाजात माया हवी, हात त्याच्या खांद्यावर हवा. फक्त उत्तर ऐकायला थांबू नका, कारण या प्रश्नाला खरंच उत्तर आहे आणि ते जरा लांबलचक आहे. दारू, हेरॉइन, कोकेन, सिगारेट, वरून सगळं वेगवेगळं दिसतं, पण मेंदूत या सगळ्यांचा दरवाजा एकच, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स नावाचा छोटासा भाग, तिथे डोपामाइन, म्हणजे "हे परत हवं" असं वाटायला लावणारं रसायन, वाढतं. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि खटका दाबला की तिथे हलकासा करंट जाईल अशी सोय करून दिली, तर उंदीर तासाला शेकडो वेळा तो खटका दाबत बसले. त्यांनाही कुणीतरी म्हणालं असेल, एकाने काय होतंय. आणि हा डोपामाइनचा पूर रोज यायला लागला की मेंदू आपल्या बाजूने दारं कमी करतो, म्हणजे डोपामाइन पकडणारे रिसेप्टरच कमी होतात, मेंदूच्या अभ्यासक नोरा वोल्कोव यांनी व्यसनी लोकांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन काढून हे दाखवलंय. मग पोरांशी खेळणं, गाणी, जेवण, सगळं फिकं लागतं आणि कपाळामागचा जो भाग "नको, बास" म्हणतो त्याचा आवाज बसतो. हे सावरायला महिनोन्महिने लागतात, मेथ नावाचं ड्रग सोडलेल्या लोकांच्या स्कॅनमध्ये वर्ष उलटून गेल्यावर कुठे बरीचशी सुधारणा दिसली होती. माझा भाऊ अकराव्या महिन्यात होता. पण जाऊ दे, एकाने काय होतंय.

दुसरी टिप. बाटली त्याच्या नजरेसमोरच ठेवा आणि बर्फ त्याच्या कानाशी खळखळवा. याला भक्कम शास्त्रीय आधार आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते, आधी माकडाला रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उड्या मारायच्या, नंतर माकड शिकलं की अमुक दिवा लागला म्हणजे रस येणार, आणि मग पेशी दिव्यालाच उड्या मारायला लागल्या, रसाला नाही. आपल्याकडे दिव्याच्या जागी बर्फाचा आवाज, त्या विशिष्ट ग्लासाचा आकार, तोच वास, तीच जुनी टोळी. सोडलेल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, छाती धडधडते आणि हे तो ठरवून करत नाही. तेव्हा तुम्ही फक्त दिवा लावत राहायचं. "आम्ही कुठे जबरदस्ती केली" असं म्हणायला मोकळे.

तिसरी. "बायको ओरडते का रे?" हे सगळ्यांसमोर आणि मोठ्याने.

चौथी टिप रिपोर्टची. त्याला विचारा, लिव्हरचे रिपोर्ट आता कसे आहेत? तो भाबडेपणाने आनंदात सांगणार की नॉर्मल आले. लगेच म्हणा, "मग झालं तर! आता काय प्रॉब्लेम?" सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर कडक होऊन कामातून जाण्यापर्यंत, गेलं नसेल तर लिव्हर मोठं दिलदार असतं, फॅटी लिव्हर न पिता काही आठवडे राहिलं की बऱ्याच जणांचं उतरतं, म्हणून रिपोर्ट चांगला आलाय, आणि तो चांगला आलाय म्हणून परत प्यायची. पाय बरा झाला म्हणून परत जिन्यावरून उडी मारा, तसंच.

पाचवी. "पूर्वी अख्खी रिचवायचास, आता एवढाच?" हेही चालतं. रोज पिणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं, सोडल्यावर तो सराव मोडतो, त्यामुळे जुन्या मापाने प्यायला की तो पार आडवा होतो आणि तुम्हाला व्हिडिओ मिळतो. हेरॉइनवाल्यांचं तर विचारूच नका, महिना दोन महिने सेंटरमध्ये राहून बाहेर आलेला पोरगा जुना डोस घेतो आणि मेंदूच्या खोडातलं श्वासाचं केंद्र, ज्याची त्या डोसची सवय आता मोडलेली असते, ते हळूहळू थांबतं. झोपलाय असं वाटतं सगळ्यांना.

सहावी टिप खास थोरामोठ्यांसाठी, इच्छाशक्तीवर भाषण. "मनावर घेतलं की सुटते, आमच्या ओळखीच्या एकांनी एका दिवसात फेकून दिली, डॉक्टर नाही काही नाही." हे ऐकलं की माझ्या डोक्यात जातं, म्हणजे उपरोध वगैरे बाजूला राहतो. अहो, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात फेकून दिली तर तो मरू शकतो! दारू काय करते, मेंदूला शांत करणारी जी गाबाची यंत्रणा आहे तिला जोर देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते, मेंदू वर्षानुवर्षं या दाबाविरुद्ध जोर लावून तोल सांभाळत असतो, आणि एक दिवस तुम्ही दाब एकदम काढून घेता. सगळा मेंदू उसळतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी डिलिरियम ट्रेमेन्स होतो, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात. माझा भाऊ तिसऱ्या रात्री चादरीवरून मुंग्या वेचत होता. एकही मुंगी नव्हती. डॉक्टरांनी औषध देऊन, मग ते टप्प्याटप्प्याने कमी करत त्याला उतरवला, बी-१ ची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं दिली, कारण फार पिणाऱ्यांच्या शरीरात ते उरलेलंच नसतं आणि त्याच्या कमतरतेने डोळे तिरके फिरतात, तोल जातो, माणूस भ्रमिष्ट होतो. कार्ल वेर्निके नावाच्या डॉक्टरांनी १८८१ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, आपल्याला अजून पोचायचंय. आणि बरं, एकदा सोडून परत लागली, परत सोडली, परत लागली की दर वेळी हे उतरणं आधीपेक्षा जड जाऊ शकतं. म्हणजे तुमच्या त्या "एकाने काय होतंय" चं बिल पुढच्या वेळच्या फिटमध्ये येतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये दारूचं व्यसन हा आजार आहे असं म्हटलं. डायबेटिसवाल्याला कुणी म्हणत नाही, मनावर घे, साखर उतरेल.

असो. टिपांकडे वळू.

सातवी, "वाइन हार्टला चांगली असते". हा फॉरवर्ड सगळ्यांकडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही असं जाहीर केलं, तो फॉरवर्ड मात्र कुणाकडेच आला नाही. १९८८ पासून दारू कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी, तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांमध्ये स्तनाचा. पण लाल रंगाची आहे ना, मग रक्तच वाढवत असेल.

आठवी. दारू नको म्हणाला तर "मग हे ओढ, नॅचरल आहे" म्हणा. अफू पण नॅचरलच आहे.

आणि आता शेवटची, मास्टरस्ट्रोक. एवढं सगळं करूनही तो नाही म्हणाला तर त्याच्या कोल्ड्रिंकमध्ये गुपचूप थोडी मिसळा. कळणार पण नाही त्याला. प्यायला की मग टाळ्या वाजवून सांगा, बघ, प्यायलास, काही झालं का?

झालं.

डायसल्फिराम नावाची एक गोळी असते. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये एरिक याकोब्सेन आणि येन्स हाल्ड हे दोघं जंतांवर औषध शोधत होते, स्वतःवरच गोळी घेऊन बघितली आणि नंतर दारू घेतल्यावर दोघंही आजारी पडले, तिथून ही गोळी दारू सोडवायच्या कामाला लागली. लिव्हर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, हे विषारी असतं, आणि मग दुसरं एक एन्झाइम लगेच त्याची वाट लावतं. गोळी त्या दुसऱ्या एन्झाइमला अडवते. म्हणजे दारू पोटात गेली की ते विष साठत राहतं. थोडीशी पुरते. काही कफ सिरपमध्ये आणि माउथवॉशमध्ये जेवढी असते तेवढीसुद्धा पुरते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणून ही डॉक्टरांनी सांगून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते, आणि माझा भाऊ ती स्वतःच्या मर्जीने रोज सकाळी सगळ्यांसमोर घ्यायचा, कारण त्याला स्वतःचाच भरवसा नव्हता आणि हे त्याने लपवलं नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटांत त्याचे कान लाल झाले. मग चेहरा, मान. मग म्हणाला डोकं फुटतंय, छातीत धडधडतंय, मग उलट्या, आणि उलटी करून उठताना तो भिंतीला धरून खाली बसला. बीपी पार खाली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं काय घेतलंय, तो म्हणाला काही नाही. परत विचारलं, परत काही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्या नजरेने, जी व्यसनी माणसाच्या घरच्यांना पाठ असते. आणि मी काय केलं माहितेय? मी पण मान खाली घातली. मला वाटलं प्यायला. अकरा महिन्यांनंतर, माझ्या डोळ्यांदेखत गोळी घेणाऱ्या माणसावर मी दहा सेकंदांत विश्वास सोडला. मी त्याला म्हणाले, "खरं सांग ना रे, आता तरी." सलाईन लावलेल्या हाताने त्याने तोंडावरून चादर ओढून घेतली.

दोन तासांनी आमच्या चुलतभावाचा फोन आला. "अगं गंमत केली होती, थोडीशीच घातली होती, कसा आहे आता?"

दादा, हे तुझ्यासाठीच लिहिलंय, वाचक वगैरे सगळं बहाणा आहे. तुला माहीत होतं तो गोळी घेतो. मी स्वतः सांगितलं होतं, पार्टीच्या आधी फोनवर, आणि परत दारात चपला काढताना. तू म्हणालास हो हो, माहितेय. याने हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जातो, हे तुला माहीत नसेल, ठीक, पण एखाद्याला न सांगता त्याच्या ग्लासात काही घालायचं नाही हे कळायला कुठलं मेडिकल कॉलेज लागतं? याला गंमत नाही म्हणत, विष घालणं म्हणतात. आणि तुम्ही बाकीचे, जे बघत होतात, हसत होतात, एकाने मोबाइल पण काढला होता, तुम्ही कुणी शब्दाने सांगितलं नाहीत की ग्लासात काय आहे. डॉक्टर तिथे अंदाज बांधत बसले होते आणि तुम्ही इथे दुसरी बाटली उघडलीत. तो आडवा पडलेला बघूनही. लाज कशी वाटली नाही रे?

आणि परवा तुझा मेसेज, "तो वाचला ना, मग आता एवढं काय मनाला लावून घ्यायचं."

वाचलाय. काल मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. मी, त्याची सख्खी बहीण. त्याने आधी वास घेतला.